रक्तात औषध किती उरलं? पेनिसिलिनचा हिशोब ठेवणारे हॉवर्ड फ्लोरी

मोबाइलच्या कोपऱ्यात बॅटरीचा टक्का सतत दिसतो. ८० आहे, ४० आहे, १५ वर आला की आपण चार्जर शोधायला लागतो. आता समजा तुम्हाला इन्फेक्शन झालंय आणि डॉक्टरांनी अँटिबायोटिकची गोळी दिलीय. गोळी घेतल्यावर दोन तासांनी रक्तात ते औषध किती असतं? सहा तासांनी किती उरतं? आणि पुढची गोळी आठ तासांनीच का, रात्री झोपताना एकदम दोन का नाही?

शरीराला स्क्रीन नाही, त्यामुळे हा टक्का आपल्याला दिसत नाही. पण कुणीतरी तो मोजलेला असतो, म्हणूनच चिठ्ठीवर डोसच्या वेळा लिहिलेल्या असतात. अँटिबायोटिकच्या बाबतीत हे मोजमाप नीट सुरू झालं ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डला. त्या टीमचे प्रमुख होते हॉवर्ड फ्लोरी. पेनिसिलिन म्हटलं की आपल्याला शाळेच्या पुस्तकातले अलेक्झांडर फ्लेमिंग आठवतात. फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये ती बुरशी पाहिली हे खरंच आहे. पण बुरशीच्या रसाचं औषध झालं ते फ्लोरींच्या लॅबमध्ये. आज मी तुम्हाला त्यांची गोष्ट सांगणार आहे, आणि सोबत एक साधा पण जबरदस्त प्रयोगही समजावणार आहे.

ॲडलेडहून ऑक्सफर्डला

फ्लोरी यांचा जन्म २४ सप्टेंबर १८९८ चा, ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरातला. वडिलांचा बूट बनवण्याचा कारखाना होता. हॉवर्ड यांनी ॲडलेड विद्यापीठातून डॉक्टरकी पूर्ण केली, ऱ्होड्स स्कॉलरशिप मिळवली आणि ते इंग्लंडला गेले. तिथे ऑक्सफर्ड, मग केंब्रिज, मध्ये रॉकफेलर फेलोशिपवर अमेरिका, पुढे शेफील्ड. १९२६ मध्ये त्यांनी एथेल रीड यांच्याशी लग्न केलं. त्याही ॲडलेडच्याच, त्याही डॉक्टर. एथेल यांचं नाव लक्षात ठेवा, गोष्टीत त्या परत येणार आहेत.

फ्लोरी पेशंट तपासणारे डॉक्टर नव्हते. त्यांना प्रश्न पडायचे ते शरीर आतून कसं चालतं याचे. रक्त केशवाहिन्यांतून कसं वाहतं, आतड्याच्या अस्तरातला चिकट पदार्थ काय काम करतो, असे. अशा प्रश्नांची उत्तरं अंदाजाने मिळत नाहीत, मोजावी लागतात. ही सवय त्यांना पुढे फार उपयोगी पडली असं मला वाटतं.

१९३५ मध्ये ते ऑक्सफर्डच्या सर विल्यम डन स्कूल ऑफ पॅथॉलॉजीचे प्रमुख झाले. इमारत मोठी, पण पैसा कमी. त्यांनी वेगवेगळ्या विषयांची माणसं एकत्र आणली. जर्मनीत हिटलर आल्यावर देश सोडून आलेले ज्यू बायोकेमिस्ट अर्न्स्ट चेन हे त्यातले एक. दुसरे नॉर्मन हीटली. हीटली स्वभावाने शांत, पण हातात जादू. मोडक्या-तोडक्या वस्तूंतून यंत्र उभं करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. आपल्याकडे ज्याला जुगाड म्हणतात, ती कला त्यांच्याकडे होती आणि तिच्या जोडीला पक्कं विज्ञानही होतं.

१९३८ च्या सुमारास चेन यांना फ्लेमिंग यांचा १९२९ सालचा जुना पेपर सापडला. बुरशीचा रस जिवाणू मारतो, पण तो टिकत नाही, शुद्ध करता येत नाही, असा त्याचा एकूण सूर. फ्लोरी आणि चेन यांनी या रसाचा पिच्छा पुरवायचं ठरवलं.

न दिसणारी गोष्ट मोजायची कशी?

इथे पहिली अडचण आली. एखादी गोष्ट शुद्ध करायची तर आधी ती किती आहे हे कळायला हवं. नाहीतर गाळून, उकळून, विरघळवून शेवटी हातात औषध आलं की नुसता गाळ, हे ओळखणार कसं?

त्या काळी सल्फा नावाची औषधं वापरात होती आणि रक्तातलं त्यांचं प्रमाण मोजता यायचं. रक्तात ठरावीक रसायनं घातली की रंग यायचा. रंग जितका गडद, तितकं औषध जास्त. पण त्यासाठी औषधाचा रेणू कसा आहे हे माहीत असावं लागतं. पेनिसिलिनचा रेणू तेव्हा कुणालाच माहीत नव्हता. त्याची रचना डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या मदतीने नक्की केली ती थेट १९४५ मध्ये. म्हणजे टीमला अशी गोष्ट मोजायची होती, जी नेमकी काय आहे हेच ठाऊक नव्हतं.

हीटली यांनी यावर जे उत्तर काढलं, ते मला आजही आवडतं. पदार्थ माहीत नसेना का, त्याचं काम तर माहीत आहे! तो जिवाणू मारतो किंवा त्यांची वाढ थांबवतो. मग जिवाणूंनाच मोजपट्टी करायचं.

पद्धत अशी:

१. काचेच्या पसरट बशीत अगरची जेली ओतायची आणि तिच्यावर स्टॅफिलोकॉकस जिवाणू सगळीकडे सारखे पसरायचे.

२. जेलीवर काचेच्या छोट्या, दोन्हीकडून उघड्या नळ्या उभ्या करायच्या.

३. प्रत्येक नळीत तपासायचा द्रव भरायचा आणि बशी रात्रभर उबेत ठेवायची.

४. सकाळी बघायचं. जिवाणू वाढून जेली धुरकट झालेली असते. पण नळीतून झिरपलेलं पेनिसिलिन जिथवर पोचलं, तिथवर जिवाणू वाढलेले नसतात. नळीभोवती स्वच्छ गोल दिसतो.

५. त्या गोलाचा व्यास मोजायचा.

औषध जास्त तर गोल मोठा. पण एक गंमत लक्षात घ्या. औषध दुप्पट केलं की गोल दुप्पट होत नाही, थोडासाच वाढतो. म्हणून आधी ताकद माहीत असलेल्या नमुन्यांचे गोल मोजून आलेख काढायचा आणि अनोळखी नमुना त्या आलेखावर कुठे बसतो ते पाहायचं. फोनवर आवाजाची पट्टी सरकवताना आकडा आणि कानाला जाणवणारा आवाज सरळ प्रमाणात नसतात, तसंच काहीसं.

शुद्ध पेनिसिलिन नव्हतं, त्यामुळे ग्रॅममध्ये बोलायची सोय नव्हती. टीमने आपल्याकडच्याच एका ठरावीक द्रावणाला प्रमाण मानलं आणि त्यावरून एकक ठरवलं. त्याला ऑक्सफर्ड युनिट म्हणू लागले. वजन माहीत नाही, रचना माहीत नाही, तरी ताकद मोजता येऊ लागली. यानंतर प्रत्येक पायरीवर हिशोब ठेवता आला: रसात इतके युनिट होते, गाळल्यावर इतके उरले, इतके वाया गेले.

आठ उंदीर आणि एक गणित

२५ मे १९४० रोजी फ्लोरी यांनी आठ उंदरांना जीवघेण्या स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंचं इंजेक्शन दिलं. चार उंदरांना नंतर पेनिसिलिन दिलं, चार तसेच ठेवले. हीटली रात्री लॅबमध्ये थांबून बघत राहिले. पहाटेपर्यंत औषध न दिलेले चारही उंदीर मेले होते. औषध दिलेले चारही जिवंत होते. त्याच दिवसांत युरोपात डंकर्कच्या किनाऱ्यावरून ब्रिटिश सैन्य माघारी येत होतं. जर्मन इंग्लंडमध्ये उतरले तर काय, या भीतीने टीममधल्या काहींनी बुरशीचे बीजाणू कोटाच्या अस्तराला चोळून ठेवले. लॅब जाळावी लागली तरी बुरशी वाचावी म्हणून.

प्राण्यांवरच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट कळली होती. पेनिसिलिन शरीरात गेल्यावर मोडत नाही, त्यातलं बरंचसं लघवीतून जसंच्या तसं बाहेर येतं आणि बाहेर आल्यावरही जिवाणू मारतं. त्यावेळी ही चांगली बातमी वाटली. शरीर औषध बिघडवत नाही, म्हणजे ते रक्तातून फिरून सगळीकडे पोचतं. पण याच गोष्टीची दुसरी बाजू पुढे एका माणसाच्या जिवावर येणार होती.

कारण गणित. उंदराचं वजन २० ग्रॅम, माणसाचं ६० किलो. म्हणजे ३००० पट. आणि बुरशीच्या रसात औषध इतकं थोडं की लिटरमागून लिटर गाळावे तेव्हा चिमूटभर तपकिरी पावडर मिळायची. त्या पावडरीतही खरं पेनिसिलिन शंभरातले काही भागच, बाकी सगळी अशुद्धी.

मोठ्या औषध कंपन्या युद्धाच्या कामात गुंतलेल्या होत्या. मग फ्लोरी यांनी विद्यापीठाच्या लॅबचीच फॅक्टरी केली. बुरशी वाढवायला पसरट भांडी हवी होती, तर हॉस्पिटलातली बेडपॅन वापरून पाहिली. ती बरी निघाल्यावर हीटली यांनी त्याच धर्तीवर मातीची चकचकीत भांडी डिझाइन करून घेतली. ती १९४० च्या डिसेंबरमध्ये आली. गाळणी यंत्रात लायब्ररीने टाकून दिलेलं पुस्तकांचं कपाट होतं आणि दारावरची जुनी घंटा होती. ही सगळी उठाठेव सांभाळायला सहा तरुणींची नेमणूक झाली. त्यांना पेनिसिलिन गर्ल्स म्हणत.

माणसाच्या रक्तात पहिल्यांदा

जानेवारी १९४१. रॅडक्लिफ इन्फर्मरी या हॉस्पिटलमध्ये कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या एका बाईंनी औषध टोचून घ्यायला होकार दिला. त्यांना याचा काही फायदा होणार नव्हता, हे त्यांना सांगितलेलं होतं. डॉक्टर चार्ल्स फ्लेचर या तरुण डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने त्यांना थंडी वाजून ताप आला. दोष पेनिसिलिनचा नव्हता, पावडरीतल्या अशुद्धीचा होता. लॅबने ती अशुद्धी वेगळी काढली आणि पुढचं औषध स्वच्छ झालं. त्या बाईंचे आपल्या सगळ्यांवर उपकार आहेत.

यानंतर मोजणी सुरू झाली. औषध द्यायचं, ठरावीक वेळांनी रक्त आणि लघवी घ्यायची, जिवाणूंवर तपासायची. तीन गोष्टी समोर आल्या.

एक, तोंडावाटे दिलेलं पेनिसिलिन पोटातल्या आम्लात नष्ट होतं. म्हणजे ते शिरेतून किंवा इंजेक्शनने द्यायला हवं.

दोन, रक्तातून ते फार पटकन गायब होतं. आज आपल्याला माहीत आहे की निरोगी माणसाच्या रक्तातलं पेनिसिलिन साधारण दर अर्ध्या तासाला निम्मं होतं. गणित करून बघा. अर्ध्या तासाने निम्मं, एका तासाने पाव, दीड तासाने आठवा भाग. तीन तासांनी उरतो चौसष्टावा भाग!

तीन, गायब झालेलं औषध लघवीत सापडतं. किडनी ते नुसतं गाळत नाही, रक्तातून ओढून बाहेर टाकते.

म्हणजे बादलीला भोक आहे आणि ते भोक मोठं आहे. बादलीतलं पाणी एका रेषेच्या वर ठेवायचं असेल तर वरून सतत ओतत राहायला हवं. ती रेषा कोणती? जिवाणूंची वाढ थांबवायला कमीत कमी जेवढं औषध लागतं, ती. रक्तातली पातळी तिच्या खाली गेली की उरलेले जिवाणू पुन्हा वाढायला लागतात. दर काही तासांनी डोस किंवा सलाईनमधून संथ धार, हा विचार इथून पक्का झाला.

पोलीस कॉन्स्टेबल, सायकल आणि लघवीची बाटली

अल्बर्ट अलेक्झांडर हे ४३ वर्षांचे पोलीस कॉन्स्टेबल. चेहऱ्यावरून सुरू झालेलं इन्फेक्शन डोळे, डोकं, फुप्फुसांपर्यंत पसरलं होतं. सल्फा औषधांचा उपयोग झाला नव्हता. एक डोळा काढावा लागला होता. १२ फेब्रुवारी १९४१ रोजी त्यांना पेनिसिलिन सुरू केलं. आधी २०० मिलिग्रॅम, मग दर तीन तासांनी १०० मिलिग्रॅम.

एका दिवसात फरक दिसला. ताप उतरू लागला, सूज कमी झाली, पुढे भूक लागली. आतापर्यंत अशा पेशंटसमोर हात टेकणारे डॉक्टर हे डोळ्यांनी बघत होते.

पण लॅबमधला साठा भराभर संपत होता. आणि सगळ्यांना माहीत होतं की निम्म्याहून जास्त औषध कुठे जातंय. मग त्यांनी अलेक्झांडर यांची सगळी लघवी गोळा करायला सुरुवात केली. फ्लेचर रोज ती बाटल्यांत भरून सायकलवरून डन स्कूलला न्यायचे. लॅबमध्ये तीतून पेनिसिलिन पुन्हा वेगळं काढायचे आणि त्याच पेशंटला परत टोचायचे.

हे वाचून तोंड वाकडं करू नका. यामागची केमिस्ट्री सुंदर आहे. आम्लयुक्त पाण्यात पेनिसिलिन पाण्यापेक्षा ईथरसारख्या द्रवात जाणं पसंत करतं. म्हणून लघवी थंड ठेवायची, तिच्यात आम्ल घालायचं, ईथर घालून हलवायचं. औषध ईथरमध्ये गेलं की ईथर वेगळा काढायचा. मग त्यात किंचित अल्कधर्मी पाणी घालायचं, की पेनिसिलिन ईथर सोडून या पाण्यात येतं. घाण मागे राहते. परत पाण्यात आणायची ही युक्ती हीटली यांनीच बुरशीच्या रसासाठी सुचवली होती. तीच इथे कामाला आली.

पाच दिवसांत ४.४ ग्रॅम पावडर वापरून झाली. पण दर फेरीत थोडं औषध वाया जातंच. शेवटी जगातला पेनिसिलिनचा साठा संपला. काही दिवस अलेक्झांडर यांची तब्येत टिकून राहिली. मग उरलेल्या जिवाणूंनी पुन्हा उचल खाल्ली. १५ मार्च १९४१ रोजी ते गेले.

औषध काम करत होतं. माणूस गेला तो औषध अपुरं पडल्यामुळे. फ्लोरी यांच्यापुढे आता प्रश्न होता की पुढे कुणाला द्यायचं. उत्तर हिशोबातून आलं. लहान शरीराला डोस कमी लागतो, म्हणजे असलेल्या साठ्यात रक्तातली पातळी शेवटपर्यंत टिकवता येईल. पुढच्या पाच पेशंटपैकी बहुतेक मुलं होती. त्यातला एक चार वर्षांचा मुलगा इन्फेक्शनमधून बाहेर येत असताना मेंदूतली रक्तवाहिनी फुटून दगावला. पण औषधाने आपलं काम केलं होतं. ऑगस्ट १९४१ मध्ये या सहा पेशंटची माहिती लॅन्सेट या साप्ताहिकात छापून आली. त्यात कोण बरं झालं एवढंच नव्हतं. पेनिसिलिन रक्तात किती वेळ टिकतं आणि लघवीतून किती बाहेर पडतं, हेही होतं.

अमेरिका, आणि तीच लघवी पुन्हा

१९४१ च्या जुलैमध्ये फ्लोरी आणि हीटली अमेरिकेला गेले. ब्रिटनमध्ये बॉम्ब पडत असताना मोठं उत्पादन शक्य नव्हतं. इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावच्या सरकारी लॅबमध्ये मक्यापासून स्टार्च काढताना उरणारा दाट रस बुरशीला खाऊ घातला, तसं उत्पन्न कितीतरी वाढलं. पुढे बाजारातल्या एका खरबुजावर सापडलेली बुरशी आणखी सरस निघाली.

मार्च १९४२ मध्ये न्यू हेवनच्या हॉस्पिटलमध्ये ॲन मिलर या बाईंना गर्भपातानंतरचं रक्तातलं इन्फेक्शन झालं होतं. त्या काळात अमेरिकेत असलेल्या साठ्याचा मोठा भाग त्यांच्यासाठी वापरला गेला. त्या वाचल्या आणि पुढे ९० वर्षांच्या होईपर्यंत जगल्या. त्यांचीही लघवी जपून ठेवून पेनिसिलिन परत काढायला मर्क कंपनीकडे पाठवली होती.

इकडे ऑक्सफर्डला एथेल फ्लोरी हॉस्पिटलांत पेशंटवरच्या चाचण्या बघत होत्या. किती डोस, किती अंतराने, किती दिवस, हे पेशंटगणिक नोंदवत होत्या. १९४३ मध्ये नवरा-बायकोने मिळून १८७ पेशंटचा अहवाल छापला. त्याच वर्षी फ्लोरी उत्तर आफ्रिकेत जाऊन जखमी सैनिकांवर पेनिसिलिन कसं वापरायचं ते बघून आले.

फ्लेमिंग यांनीही या मोजमापातून एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. १९४२ मध्ये मेंदूच्या आवरणाला सूज आलेल्या एका पेशंटसाठी त्यांनी फ्लोरी यांच्याकडून औषध मागून घेतलं. इंजेक्शन देत होते, पण हवा तसा गुण येईना. मणक्यातलं पाणी तपासलं तर त्यात पेनिसिलिन पोचलंच नव्हतं. मग औषध थेट मणक्यात दिलं आणि पेशंट बरा झाला. रक्तात औषध आहे म्हणजे ते इन्फेक्शनच्या जागी पोचलंच असं नाही, हा धडा आजही तितकाच खरा आहे.

मान मिळाला, पण सगळ्यांना नाही

१९४५ मध्ये फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळून नोबेल मिळालं. नोबेल एका वेळी तिघांपेक्षा जास्त लोकांना देत नाहीत. हीटली बाहेर राहिले. ज्यांच्या काचेच्या नळ्यांशिवाय हिशोबच झाला नसता, त्यांना ऑक्सफर्डने मानद डॉक्टर ऑफ मेडिसिन ही पदवी दिली ती १९९० मध्ये.

फ्लोरी पेपरवाल्यांपासून लांबच राहायचे. सगळे औषध मागायला आले तर देणार कुठून, ही त्यांची अडचण होती. प्रसिद्धी फ्लेमिंग यांच्याकडे गेली आणि ती अजून तिथेच आहे. फ्लोरी पुढे रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले, लॉर्ड झाले. २१ फेब्रुवारी १९६८ रोजी त्यांचं निधन झालं. ऑस्ट्रेलियाच्या ५० डॉलरच्या नोटेवर काही वर्षं त्यांचं चित्र होतं.

आज हे कुठे वापरतात?

किडनीचं भोक लहान करता येईल का, यावरही काम झालं. प्रोबेनेसिड नावाचं औषध किडनीला पेनिसिलिन बाहेर टाकू देत नाही, त्यामुळे रक्तातली पातळी जास्त वेळ टिकते. दुसरा मार्ग म्हणजे इंजेक्शनमधून औषध हळूहळू सुटेल असं करणं. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप खराब झालेल्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन देतात, ते याच प्रकारातलं. स्नायूत औषधाचा साठा राहतो आणि थेंबाथेंबाने रक्तात येतो.

काही अँटिबायोटिक मात्र दोन्ही बाजूंनी धोक्याची असतात. व्हँकोमायसिन किंवा जेंटामायसिन कमी पडलं तर जिवाणू वाचतात, जास्त झालं तर किडनीला इजा होऊ शकते, जेंटामायसिनने कानालाही. माझे आजोबा आयसीयूमध्ये होते तेव्हा नर्स पुढचा डोस द्यायच्या आधी रक्त काढून नेत. आधी औषध द्या ना, रक्त कसलं काढताय, असं घरातल्या सगळ्यांना वाटायचं. पण तेच बरोबर होतं. पुढच्या डोसच्या अगदी आधी पातळी सर्वांत खाली असते. तो तळ कळला की डोस वाढवायचा, कमी करायचा की अंतर बदलायचं, हे ठरवता येतं. आजोबांची किडनी हळू चालत होती, म्हणून त्यांना डोसमधलं अंतर वाढवलं. काही गंभीर पेशंटमध्ये उलट होतं. किडनी नेहमीपेक्षा जोरात काम करते आणि नेहमीचा डोस कमी पडतो.

आता हे मोजायला जिवाणू वाढवत बसावं लागत नाही. अँटिबॉडीवर चालणाऱ्या चाचण्या आणि मास स्पेक्ट्रोमीटरसारखी यंत्रं काही तासांत आकडा देतात. पण हीटली यांचा गोल संपलेला नाही. लघवीचा कल्चर रिपोर्ट पाहिलाय ना? त्यात औषधांच्या नावापुढे एस किंवा आर लिहिलेलं असतं. अनेक लॅबमध्ये ते ठरवताना औषधाच्या चकत्या जेलीवर ठेवून गोलच मोजतात. फक्त प्रश्न उलटा असतो: औषध माहीत आहे, त्याला जिवाणू दाद देतो का?

म्हणून डॉक्टरांनी दर आठ तासांनी सांगितलं असेल तर फोनमध्ये तीन अलार्म लावा. सकाळची गोळी राहिली म्हणून रात्री मनाने दोन घेऊ नका, डॉक्टरांना किंवा फार्मसिस्टला विचारा. घरात कुणाची किडनी कमजोर असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. आणि साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागूच नका. विषाणूपुढे रक्तातली पातळी कितीही असली तरी उपयोग नाही.

१९५४ मध्ये आपल्या पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभा राहिला, तो पेनिसिलिन बनवण्यासाठीच. पेनिसिलिनच्या इंजेक्शनच्या बाटलीवर आजही मिलिग्रॅमऐवजी १२ लाख युनिट असं लिहिलेलं सापडतं. १९४४ मध्ये हे युनिट जगासाठी एकसारखं करण्यात आलं: ०.६ मायक्रोग्रॅम शुद्ध पेनिसिलिन. पण त्याची सुरुवात झाली ती ऑक्सफर्डला, जेलीवर उभ्या केलेल्या काचेच्या नळीभोवती.